‘गुड नाइट, सर’

१२ जून १९४४ची संध्याकाळ. इंग्लंडच्या ईशान्येकडील मिडलटन सेंट जॉर्ज या विमानतळावर सात तरुण आपल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाशेजारी गवतावर पहुडले होते. उड्डाणाला थोडा अवकाश होता. त्यांच्यापैकी अँड्र्यू मिनार्स्की याला गवतात चाळा करताना चार पानांचे क्लोव्हर सापडले. क्लोव्हर हे आपल्याकडच्या आंबुशीसारखे दिसणारे, एका देठाला तीन पाने असणारे साधे रानगवत. चौथे पान असलेली काडी क्वचितच मिळते आणि ती सापडणे पाश्चात्त्य लोक शुभशकुन मानतात. मिनार्स्कीने ती काडी स्वतःजवळ ठेवली नाही. शेजारी बसलेल्या पॅट ब्रॉफी या मित्राच्या हाती दिली.

काही तासांनी हे विमान उत्तर फ्रान्सच्या आकाशात पेटले. सातपैकी सहा जण वाचले, एक दगावला. दगावला तो क्लोव्हर देणारा. आणि ज्याच्या वाचण्याची सुतराम शक्यता नव्हती तो ब्रॉफी वाचला. तो वाचला नसता, तर त्या रात्री विमानाच्या शेपटाकडे काय घडले हे जगाला कधीच समजले नसते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांवरच्या हजारो तरुणांपैकी एकाचीच ही कथा इतक्या तपशिलाने का सांगता येते, याचे उत्तर याच योगायोगात आहे.

अँड्र्यू चार्ल्स मिनार्स्की याचा जन्म १४ ऑक्टोबर १९१६ रोजी कॅनडातील विनिपेग शहरात झाला. आई-वडील पोलंडहून आलेले स्थलांतरित. घरची परिस्थिती बेताची. अँड्र्यू सोळा वर्षांचा असताना वडील वारले आणि कमावण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. एका फर व्यापाऱ्याकडे तो मऊ चामडे कापण्याचे काम करू लागला. सुतारकामाची आणि लहान विमानांच्या प्रतिकृती बनविण्याची त्याला आवड होती. स्वभावाने शांत, मात्र थट्टेखोर, असे त्याचे वर्णन सोबत्यांनी केले आहे. १९४१ मध्ये तो रॉयल कॅनेडियन एअर फोर्समध्ये दाखल झाला.

त्याला आधी बिनतारी संदेशवाहकाच्या प्रशिक्षणास पाठविण्यात आले होते. पण मोर्सच्या कडकट्टमध्ये त्याची गती होईना. म्हणून त्याची रवानगी गनरच्या, म्हणजे विमानातील मशिनगन चालविणाऱ्याच्या, प्रशिक्षणाकडे झाली. तेथून इंग्लंड, मग एकेक करीत निरनिराळी पथके, आणि अखेर एप्रिल १९४४ मध्ये ४१९ क्रमांकाची कॅनेडियन स्क्वाड्रन. येथे त्याला कॅनडातच बांधलेले लँकेस्टर मिळाले. विमानाचा क्रमांक केबी ७२६, आणि अंगावर रंगविलेली अक्षरे ‘व्हीआर-ए’. वैमानिक होता आर्ट डी ब्रेन. शेपटातला गनर होता ऑन्टारियोतील पोर्ट आर्थर येथील पॅट ब्रॉफी.

ब्रॉफीला अधिकारीपद मिळाले होते, मिनार्स्की त्याच्याहून खालच्या हुद्द्यावर होता. ब्रिटिश परंपरेप्रमाणे अधिकाऱ्यांचे भोजनगृह आणि निवास वेगळे, इतरांचे वेगळे. एकाच विमानात, एकाच धोक्यात दिवस काढणारे हे दोन मित्र रात्री मात्र निरनिराळ्या दिशांना जात. त्या वेळी मिनार्स्की मुद्दाम टाच जुळवून त्याला ‘गुड नाइट, सर’ म्हणत असे. दोघांतली ही नेहमीची चेष्टा होती.

शेपटातली एकांतवासाची जागा

त्या रात्रीची घटना समजण्यासाठी लँकेस्टरची रचना थोडी जाणून घ्यावी लागेल. चार इंजिनांच्या या विमानात सात माणसे असत. वैमानिक, इंजिनांवर देखरेख ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर, दिशादर्शक नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा आणि बिनतारी संदेशवाहक हे पाच जण पुढच्या भागात, एकमेकांच्या हाताशी असत. दोन गनर मात्र मागे. एक विमानाच्या पाठीवर, मधल्या टरेटमध्ये, तर दुसरा अगदी शेपटाच्या टोकाला. टरेट म्हणजे मशिनगन बसविलेली, चहूकडे फिरणारी काचेची घुमटी. मिनार्स्कीची जागा पाठीवरची, ब्रॉफीची शेपटातली.

शेपटातला गनर उड्डाणापासून उतरेपर्यंत आठ-आठ तास एकटा असे. सोबत काय ती इंटरकॉमवरून येणाऱ्या आवाजांची. त्याचे तोंड कायम मागे; विमान कोठे चालले आहे हे त्याला दिसत नसे, कोठून निघून आले एवढेच दिसे. उंचावर तापमान शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत जाई. विजेने तापणारे कपडे असत, पण ते हमखास चालतीलच असे नव्हते. शिवाय अंधारात शत्रूचे विमान नीट दिसावे म्हणून अनेक गनर समोरची पारदर्शक तावदाने काढून टाकीत आणि तो गारठा सरळ तोंडावर घेत.

सर्वांत मोठी अडचण बाहेर पडण्याची. टरेट इतके अरुंद की त्यात बसलेल्या माणसाला पॅराशूट अंगावर बांधून ठेवता येत नसे. ते टरेटच्या मागच्या दारांपलीकडे, विमानाच्या धडात अडकविलेले असे. विमान सोडायची वेळ आली की आधी टरेट सरळ करायचे, पाठीमागची दारे उघडायची, हात घालून पॅराशूट ओढायचे, छातीशी अडकवायचे. मग टरेट बाजूला फिरवायचे, म्हणजे उघडी दारे विमानाबाहेर येतात, आणि पाठमोरे अंधारात स्वतःला झोकून द्यायचे. जमिनीवर सराव करतानाही हे सोपे नसे. टरेट फिरविण्याची शक्ती इंजिनाच्या जोरावर चालणाऱ्या तेलदाबाच्या नळ्यांतून येई. इंजिन बंद पडले तर हाताने फिरविण्याचा एक दांडा असे, तेवढाच आधार.

त्या रात्री काय झाले

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा ६ जूनला उतरल्या होत्या. जर्मनांची कुमक रेल्वेने तेथे पोहोचू नये म्हणून फ्रान्समधील रेल्वेची मोठी केंद्रे रात्रीमागून रात्री उद्ध्वस्त केली जात होती. १२ तारखेचे लक्ष्य होते कांब्रे येथील रेल्वेचे यार्ड. (पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या अखेरीस, याच कांब्रेच्या रणभूमीवर भारतीय घोडदळ लढले होते.) डी ब्रेनच्या चमूची ही तेरावी कामगिरी होती आणि प्रत्यक्ष हल्ला मध्यरात्रीनंतर, म्हणजे १३ तारखेला, व्हायचा होता. या आकड्यावरून त्यांच्यात थट्टा चालली नसती तरच नवल.

फ्रान्सचा किनारा ओलांडताना सर्चलाइटच्या झोतांनी विमानाला पकडले. डी ब्रेनने गोते मारीत ते त्यातून सोडविले. त्यानंतर लक्ष्याच्या दिशेने जात असतानाच ‘युंकर्स ८८’ जातीच्या जर्मन लढाऊ विमानाने मागून आणि खालून हल्ला चढविला. क्षणार्धात डावीकडची दोन्ही इंजिने निकामी झाली. डावा पंख पेटला. विमानाच्या धडातही मधले टरेट आणि शेपूट यांच्यामध्ये आग भडकली. इंटरकॉम बंद पडला. तेव्हा डी ब्रेनने विमानातील लाल दिव्याची उघडझाप करून उडी मारण्याची खूण दिली. ती खूण होती मोर्समधले ‘पी’ हे अक्षर. ज्या लिपीने मिनार्स्कीला एकदा दगा दिला होता, तिच्यातला हा शेवटचा संदेश त्याने अचूक वाचला असणार, कारण तो ताबडतोब आपल्या टरेटमधून खाली उतरला.

बाहेर पडण्याचे मागचे दार त्याच्यापासून जवळ होते. पॅराशूट अंगावर होते. एका पावलाचा प्रश्न होता. त्याच वेळी त्याची नजर आगीच्या पलीकडे गेली. ब्रॉफी टरेटमध्ये अडकला होता.

डावी इंजिने गेल्याने ब्रॉफीच्या टरेटची शक्ती संपली होती. त्याने दारे उघडून पॅराशूट मिळविले होते, परंतु टरेट अर्धवट फिरून मध्येच घट्ट बसले. आत येण्याइतकी फट नाही, बाहेर पडण्याइतकीही नाही. हाताने फिरविण्याचा दांडा त्याने जोर लावून पाहिला, तर तो तुटूनच हातात आला.

मिनार्स्की दाराकडून वळला आणि गुडघ्यांवर रांगत आगीतून शेपटाकडे गेला. फुटलेल्या नळ्यांतून गळणाऱ्या तेलाने आग धुमसत होती. त्यातून जाताना त्याचे कपडे कमरेपासून खाली पेटले. त्याने आग विझविण्यासाठी ठेवलेली कुऱ्हाड घेऊन टरेट उचकटण्याचा प्रयत्न केला. ते हलेना, तेव्हा नुसत्या हातांनी ओढू लागला. ब्रॉफी आतून ओरडून त्याला परत जाण्यास सांगत होता, हाताने खुणावत होता. काही उपयोग होणार नाही हे अखेर दोघांनाही दिसले. मिनार्स्की मागे फिरला. पण पाठ फिरवून नव्हे. आगीतून तो उलटाच रांगत गेला, ब्रॉफीकडे तोंड ठेवून. दाराशी पोहोचल्यावर जळत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला आणि त्याने सॅल्यूट केला. त्याचे ओठ हलले. इंजिनांच्या आणि आगीच्या आवाजात ब्रॉफीला काही ऐकू आले नाही. मात्र ते शब्द कोणते होते याविषयी त्याला पुढे आयुष्यभर कधी शंका वाटली नाही.

मग मिनार्स्कीने उडी घेतली. पॅराशूटनेही पेट घेतला होता. अंधाऱ्या आकाशातून एक जळता माणूस खाली येताना गावकऱ्यांनी पाहिला. ते त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा तो जिवंत होता. पण भाजल्याच्या जखमा इतक्या गंभीर होत्या की थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला. वय सत्तावीस.

इकडे ब्रॉफी निकामी विमानासह जमिनीकडे कोसळत होता. गोदियाँप्रे या खेड्याजवळ लँकेस्टर आदळले. डावा पंख एका झाडावर आपटला, विमान झटक्याने गरकन फिरले आणि त्या हिसक्याने शेपटातले टरेट मोडून ब्रॉफी बाहेर फेकला गेला. विमानातील बहुतेक बॉम्ब फुटले नाहीत. शुद्धीवर आल्यावर ब्रॉफीने हातापायांची चाचपणी केली तर तो जवळजवळ धडधाकट होता. मनगटावरचे घड्याळ २ वाजून १३ मिनिटांनी थांबले होते, असे त्याने नंतर सांगितले.

एका साक्षीदाराचे महत्त्व

उडी मारलेल्या इतर पाच जणांपैकी दोघे जर्मनांच्या हाती लागले. डी ब्रेन व इतर दोघांना आणि वेगळीकडे ब्रॉफीला फ्रेंच लोकांनी लपवून ठेवले. शत्रूच्या वैमानिकांना आसरा देणाऱ्यांना जर्मन गोळ्या घालीत किंवा छळछावणीत धाडीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शेतकऱ्यांच्या आणि भूमिगत कार्यकर्त्यांच्या धैर्याची कल्पना येते.  सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रॉफी इंग्लंडमध्ये परतला आणि तेव्हा त्याला मिनार्स्कीच्या मृत्यूची बातमी समजली.

तोवर विमानातल्या इतर कोणालाच शेपटात काय घडले याची माहिती नव्हती. पुढच्या पाच जणांनी पुढून उड्या घेतल्या होत्या. मिनार्स्की इतका भाजलेला का सापडला, तो लगेच बाहेर का पडला नाही, याचा उलगडा एकटा ब्रॉफीच करू शकत होता. त्याने तो केला. डी ब्रेनने पुढाकार घेऊन शिफारशीचा पाठपुरावा केला आणि ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. मानपत्रात नोंद आहे ती अशी, की ब्रॉफीला सोडविण्याच्या प्रयत्नात आपला जीव जवळजवळ निश्चित जाणार याची त्याला पूर्ण जाणीव असली पाहिजे. पदक विनिपेगमध्ये त्याच्या आईने स्वीकारले.

हे पदक मराठी वाचकाला अपरिचित नाही. मिनार्स्कीनंतर महिनाही उलटला नव्हता, तेव्हा १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी तुकडीतील सर्व साथीदार ठार वा जखमी झाल्यावर एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि ते ठाणे जिंकून तेथेच देह ठेवला. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचे स्मारक आहे. या पदकासाठी प्रत्यक्षदर्शींची साक्ष महत्त्वाची मानली जाते. जमिनीवरच्या लढाईत पाहणारे मागे उरण्याची शक्यता तरी असते. पेटलेल्या बॉम्बफेकी विमानात पाहणाराही सहसा करणाऱ्याबरोबरच जातो.

ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये युद्धकाळात सुमारे सव्वा लाख जणांनी उड्डाणे केली. त्यांतले ५५,५७३ मारले गेले, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. त्यांत सुमारे दहा हजार कॅनेडियन होते. सरासरी वय बावीसच्या आसपास. एका फेरीत तीस मोहिमा पूर्ण केल्या की विश्रांती मिळे. तेथवर पोहोचणे हाच नशिबाचा भाग होता. या हजारो मृत्यूंमध्ये टरेटकडे परत वळलेले किती मिनार्स्की असतील, हे सांगणारा ब्रॉफी त्यांना मिळाला नाही.

गनर हवेच होते का?

ही कथा वाचताना एक अप्रिय प्रश्न टाळता येत नाही. पुढे जगप्रसिद्ध झालेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन त्या काळात, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात आकडेवारीच्या विश्लेषणाचे काम करीत होते. विमाने का पडतात आणि त्यांतून माणसे किती वाचतात, हा त्यांचा विषय. रात्रीच्या अंधारात खालून येणारे शत्रूचे विमान गनरला बहुधा दिसतच नाही, तेव्हा दोन्ही टरेट काढून टाकावीत, त्यामुळे विमान ताशी सुमारे पन्नास मैल अधिक वेगाने जाईल, आणि ते पडलेच तर निदान दोन माणसे कमी मरतील, असा विचार त्यांच्या विभागात पुढे आला होता. तो स्वीकारला गेला नाही. गनर आपले रक्षण करतो ही भावना प्रत्येक चमूत खोल रुजलेली होती आणि वरिष्ठांनाही तिला धक्का लावायचा नव्हता.

डायसन यांच्या विभागाचा दुसरा निष्कर्ष अधिक जिव्हारी लागणारा आहे. पाडल्या गेलेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांतील जवळजवळ निम्मी माणसे पॅराशूटने सुटत, हॅलिफॅक्ससारख्या जुन्या ब्रिटिश विमानांतील पाव. लँकेस्टरमधील मात्र शंभरात पंधराच्या आसपास. कारण शोधता शोधता त्यांच्या एका सहकाऱ्याचे लक्ष सुटकेच्या झडपेकडे गेले. लँकेस्टरची झडप बावीस इंच रुंद होती, इतर विमानांची चोवीस. जाड कपडे आणि पॅराशूट बांधलेल्या माणसाला अंधारात, गरगरत्या विमानातून बाहेर पडताना ते दोन इंच कमी पडत होते. झडप मोठी करण्याची लढाई त्या सहकाऱ्याने नेटाने लढली, परंतु मान्यता मिळेपर्यंत युद्ध संपत आले होते. केबी ७२६ मधून पाच जण पुढून सुखरूप सुटले, ही या हिशेबात दुर्मीळ गोष्ट ठरते.

आणखी एक बाजू आहे. ज्या बॉम्बर कमांडने हे तरुण गमावले, तिच्याच विमानांनी जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्ग आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, अमेरिकनांसोबत, ड्रेस्डेन बेचिराख केले. त्या दोन शहरांत मिळून साठ हजारांच्या आसपास माणसे होरपळून वा गुदमरून मेली. फ्रान्समधील रेल्वेवरच्या हल्ल्यांतही यार्डाभोवतीच्या वस्त्यांतले फ्रेंच नागरिक मोठ्या संख्येने बळी पडले. या अवघड वारशामुळेच युद्धानंतर ब्रिटनच्या राज्यकर्त्यांनी बॉम्बर कमांडचा उल्लेख करताना कायम आखडता हात घेतला. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये तिच्या मृतांचे स्मारक उभे राहिले ते थेट जून २०१२ मध्ये. आगीतून मित्रासाठी परत फिरणारा तरुण आणि रात्री शहरांवर आग ओतणारी यंत्रणा, दोन्ही खऱ्याच होत्या आणि एकाच विमानात बसलेल्या होत्या.

मिनार्स्कीची आठवण मात्र टिकली. विनिपेगमधील एका शाळेला त्याचे नाव आहे. मिडलटन सेंट जॉर्जचा लष्करी तळ पुढे नागरी विमानतळ झाला. ‘द नॉर्दर्न एको’ या स्थानिक दैनिकाने चालविलेल्या मोहिमेतून २००५ मध्ये तेथे त्याचा पुतळा उभारला गेला. पुतळ्यातला मिनार्स्की सॅल्यूट करताना दाखविला आहे. बांधल्या गेलेल्या ७,३७७ लँकेस्टरपैकी उडू शकतील अशा अवस्थेत जतन केलेली दोनच आहेत. त्यातले एक ऑन्टारियोतील हॅमिल्टनच्या संग्रहालयात आहे आणि त्याच्या अंगावर ‘व्हीआर-ए’ ही त्याच्याच विमानाची अक्षरे रंगविली आहेत. २०१४ च्या उन्हाळ्यात ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेले, दुसऱ्या लँकेस्टरसोबत उडाले, आणि मिडलटन सेंट जॉर्जच्या त्या विमानतळावरही उतरले.

ब्रॉफी १९९१ पर्यंत जगला. मिनार्स्कीची कबर फ्रान्समध्ये, सोम प्रांतातील मेहारिकूर गावच्या दफनभूमीत आहे.